कप्तानीचं लायसन: ऑनलाइन कोर्स आणि धक्क्यावरचे दोन दिवस

"परीक्षेत बोट धक्क्याला लावायला सांगितली का?"

पास झाल्याचं कळवायला हर्णैला फोन केला, तेव्हा बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत आणि त्यातली ४० वर्षं तांडेल म्हणून दर्यावर गेली. मी म्हटलं, "नाही बाबा, सगळी कागदावरची परीक्षा होती. बोटीवर पाय ठेवायलाही लागला नाही." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "मग लावायला कधी शिकणार, बाय?"

त्या प्रश्नानंतर महिन्याभरातच मी इथे अमेरिकेत, मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला जाऊन प्रत्यक्ष बोट हाताळायचा दोन दिवसांचा कोर्स केला. म्हणजे ऑनलाइन अभ्यास आणि पाण्यावरचं शिक्षण, दोन्हींचे पैसे मी स्वतः भरलेत. आमच्या इथल्या मराठी मंडळातले तिघेजण सध्या हेच लायसन काढायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकजण मला एकच विचारतो: घरबसल्या होतं का? म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लायसनबद्दल. अमेरिकेत पैसे घेऊन लोकांना बोटीतून फिरवायचं तर कोस्ट गार्डचं लायसन लागतं. त्याची पहिली पायरी म्हणजे जास्तीत जास्त ६ उतारू नेण्याची परवानगी. इथे तिला सगळे 'सिक्स-पॅक' म्हणतात. त्यासाठी पाण्यावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात, त्यातले ९० गेल्या ३ वर्षांतले, आणि दिवस धरायचा तर निदान ४ तास पाण्यावर हवेत. शिवाय डॉक्टरी तपासणी, ड्रग टेस्ट, प्रथमोपचार आणि सीपीआरचं सर्टिफिकेट, ट्विक नावाचं ओळखपत्र. आणि लेखी परीक्षा. मान्यताप्राप्त शाळेचा कोर्स केला तर परीक्षा शाळाच घेते, आणि तिचं सर्टिफिकेट जोडून अर्ज वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या नॅशनल मेरिटाइम सेंटरकडे जातो. या सगळ्यात बोट चालवून दाखवायची परीक्षा कुठेही नाही.

माझे ३६० दिवस कुठून आले तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आम्ही मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ राहतो. २०१६ साली नवऱ्यानं आणि मी एक सेकंडहँड २२ फुटी बोट घेतली, मागे एक आउटबोर्ड इंजिन लावलेली. तेव्हापासून एका वहीत प्रत्येक फेरीची तारीख, तास, कुठून कुठे, हे मी लिहीत आले. दर उन्हाळ्यात पंचेचाळीस-पन्नास दिवस, असे आठ उन्हाळे. हर्णैचे दिवस त्यात नाहीत. आमच्यात बायका दर्यावर जात नाहीत. मासळी लिलावात घ्यायची, विकायची, सुकवायची, हे त्यांचं काम. पण मी बारा वर्षांची होईपर्यंत बाबा मला होडीतून सुवर्णदुर्गाला वळसा घालून आणायचे आणि वाटेत सुकाणूवर माझा हात ठेवायचे. फॉर्मवर बोटीचा नंबर, तारखा, मालकाची सही लागते. त्या फेऱ्यांचा असा कुठलाच कागद नाही.

तर ऑनलाइन कोर्स. साडेसहाशे डॉलरच्या आसपास खर्च आला, चार महिने लागले, रोज रात्री जेवणं आटोपली की दीड तास. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. पण पहिल्यांदा मनापासून सांगते: पाण्यावरच्या वाहतुकीचे नियम आणि नकाशा शिकायला मला वर्गापेक्षा हाच प्रकार बरा वाटला.

नकाशाचंच घ्या. कोर्सबरोबर टपालानं १२१० टीआर हा सरावाचा चार्ट येतो, मार्थाज व्हिनयार्डपासून ब्लॉक आयलंडपर्यंतच्या समुद्राचा. जेवायचं टेबल पूर्ण झाकलं जाईल एवढा मोठा. समांतर पट्टी, डिव्हायडर, टोकदार पेन्सिल. व्हिडिओत कॅमेरा वरून लावलेला आणि खाली फक्त शिकवणाऱ्याचे दोन हात दिसतात. खऱ्या उत्तरेवरून होकायंत्राच्या उत्तरेवर यायचं, त्यात व्हेरिएशन, म्हणजे त्या जागी खरी आणि चुंबकीय उत्तर यांच्यात असलेला फरक, धरायचं, मग बोटीतल्या लोखंडामुळे होकायंत्र जेवढं चुकतं तेवढं वेगळं धरायचं. पश्चिम असेल तर मिळवायचं, पूर्व असेल तर वजा करायचं. हे उदाहरण मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं. वर्गात बाकीचे वीसजण बसलेले असताना अकरा वेळा कोण विचारणार? एका अंशाची चूक ६० मैलांनंतर एक मैल होते, हे कळल्यावर मी पेन्सिलीला टोक काढायचा कंटाळा करायचं सोडलं.

लाल-हिरव्या बोयांचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही तसंच. बाबा मासळी घेऊन ससून डॉकला जायचे, तेव्हा त्यांनी मला शिकवलेलं: बंदरात शिरताना लाल डावीकडे. इथे नेमकं उलट, परत येताना लाल उजवीकडे. आठ वर्षं इथे बोट चालवूनही घाईच्या क्षणी माझा हात हर्णैच्या सवयीनं वळतो. ते उलट का आहे, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. कोर्समध्ये एका स्लाइडवर होतं: बोयांसाठी जगाचे दोन भाग केलेले आहेत. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स एका भागात आणि बाकी जवळजवळ सगळं जग दुसऱ्या भागात. मी लगेच बाबांना फोन केला. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला मी काहीतरी नवीन सांगितलं. बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं.

नियमांच्या पेपरला ९० टक्के लागतात, बाकीच्या विषयांना ७०. म्हणजे नियमांत दहातला एकच प्रश्न चुकायची मुभा. आणि प्रश्न साधे नसतात. एक छोटा भोंगा: आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतेय', आणि इथल्या अंतर्गत पाण्यात 'तुम्हाला माझ्या डाव्या हाताला ठेवून जायचा माझा इरादा आहे, पटलं तर तुम्हीही तसाच भोंगा द्या'. एकात केलेलं सांगायचं, दुसऱ्यात आधी विचारायचं. आम्ही बोट चालवतो ती चेसापीक बे, म्हणजे इथली मोठी खाडी, पूर्ण अंतर्गत नियमांत येते, पण प्रश्नपत्रिकेत दोन्ही येतात. इथे ऑनलाइन प्रश्नसंचाला तोड नाही. शेकडो प्रश्न, चुकलेले पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिल्या सराव परीक्षेत मला ७४ पडले होते, शेवटच्या आठवड्यात ९६.

रात्री बोटींवर एकावर एक लागणाऱ्या रंगीत दिव्यांसाठी मी आपली मराठीतच यमकं जुळवली. लालावर लाल, कप्तानाचे हाल, म्हणजे बोट ताब्यात राहिलेली नाही. लालावर पांढरा, मासे मारणारा. हिरव्यावर पांढरा, जाळं ओढणारा. पहिलं यमक पाठ करताना मात्र दरवेळी थांबायला व्हायचं. २६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोरला 'डाली' जहाजाची वीज गेली आणि ते 'फ्रान्सिस स्कॉट की' नावाच्या पुलावर आदळलं. पुलावर काम करणारे सहाजण गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपल्याकडचे होते. त्या पुलाखालून आम्ही आमच्या बोटीतून गेलेलो आहोत. 'ताबा सुटलेलं जहाज' ही व्याख्या म्हणून वाचणं मला त्यानंतर जमलं नाही.

आता तक्रार. भरती-ओहोटीच्या एका सरावाच्या उत्तरात उन्हाळी वेळेचा एक तास मिळवायचा राहून गेला होता. दोन संध्याकाळी मी माझी चूक शोधत बसले. मेल केली, नऊ दिवसांनी उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. परीक्षेला दहा दिवस असलेल्या माणसाला नऊ दिवसांनी उत्तर देणं बरोबर नाही. जिथे चूक झाली तर बोट गाळात रुतते, तिथे तर अजिबात नाही. शिवाय कोर्स आपण राहतो त्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. ॲनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. कोकणातली दोन-तीन मीटरची भरती पाहिलेल्या माणसाला ते पाणी हललंय असंही वाटत नाही. पण हिवाळ्यात वायव्येचा वारा दोन दिवस टिकला की तो चेसापीकमधलं पाणी बाहेर ढकलतो आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलेल्या उंचीपेक्षा पाणी कितीतरी खाली जातं. बे मुळातच उथळ, सरासरी खोली २१ फूट. हे मला मरीनातल्या शेजाऱ्यानं सांगितलं. खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या तरंगत्या खुणा पाण्यात शेकड्यांनी असतात आणि त्यांचा दोर पंख्यात गेला की इंजिन जागच्या जागी बंद पडतं. तेही कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रात्रीबद्दल.

स्क्रीनवर रात्र म्हणजे काळी चौकट आणि तिच्यात स्वच्छ रंगीत ठिपके. एकाखाली एक तीन पांढरे: दोरानं काहीतरी ओढून नेणारी बोट, म्हणजे टग, आणि तिच्यापासून ओढलेल्या वस्तूच्या मागच्या टोकापर्यंत २०० मीटरपेक्षा जास्त अंतर. मी हा प्रश्न एकदाही चुकले नाही. परीक्षेनंतरच्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या बोटीतून थॉमस पॉइंट दीपगृहाकडून सेव्हर्न नदीकडे रात्री परतत होतो. समोर बे ब्रिजचे दिवे, डावीकडे किनाऱ्यावरची घरं, गाड्या, कुणाच्या तरी अंगणातले लाल-हिरवे शोभेचे दिवे. मैत्रिणीनं विचारलं, "टग दिसतोय?" मला दिसत नव्हता. मी नियमानं डावीकडून उजवीकडे, सावकाश, दुर्बिणीशिवाय पाहत होते. तीन पांढरे ठिपके पुलाच्या दिव्यांत मिसळून गेलेले. मला ते दिसायला दोन-तीन मिनिटं लागली. आणि मागचा बार्ज, म्हणजे टग ओढत होता ती सपाट मालवाहू बोट, तर दिव्यांनी दिसलाच नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक दिवा विझला, मग शेजारचा विझला, मग पहिला परत लागला. काहीतरी मोठं, काळं, त्यांच्यासमोरून सरकत होतं. टग आणि बार्ज यांच्यामध्ये पाण्याखालून पोलादी तार असते. त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेतून जायला निघालेली लहान बोट वाचत नाही. मैत्रिणीनं वेग कमी केला आणि सगळा ताफा पुढे जाईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. किनाऱ्यावरचे दिवे विझताना पाहायचे, हे मला त्या रात्री समजलं. पुढे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग? तारे पण असेच झाकले जातात." त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती.

ॲनापोलिसचा कोर्स शनिवार-रविवारचा, नऊशे डॉलर. चार विद्यार्थी, ३४ फुटी ट्रॉलर (मासेमारीचा नव्हे, त्या घाटाची फिरायची बोट), आत बसवलेलं एक इंजिन, एक पंखा. कप्तान साठीच्या बाई, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही. इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि म्हणाल्या, नुसतं बघा वारा काय करतो. बोटीचं तोंड सावकाश वाऱ्याबरोबर पडत गेलं. प्रत्येक बोट वाऱ्यात आपल्या पद्धतीनं पडते, म्हणाल्या, आणि धक्क्याजवळ जायच्या आधी तिची ती पद्धत माहीत असली पाहिजे.

मग रिव्हर्स. सुकाणू मधोमध आणि इंजिन मागे टाकलं की उजव्या फिरतीच्या पंख्याची बोट सरळ मागे येत नाही. तिची मागची बाजू डावीकडे चालू लागते. लेखी परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. पण आमच्या बोटीला आउटबोर्ड. तिथे अख्खं इंजिनच वळतं, त्यामुळे हे ओढणं मला आठ वर्षांत कधी नीट कळलंच नव्हतं. ट्रॉलरवर ते पायाच्या तळव्यांना कळलं. रिव्हर्स टाकल्यावर फळ्यांतून एक थरथर आली आणि त्याच क्षणी मागची बाजू निसटायला लागली. डाव्या बाजूनं धक्क्याला लागायचं असेल तर हे ओढणं मित्रासारखं मदत करतं: थोडं तिरकं जायचं, शेवटी जरासं रिव्हर्स, आणि मागची बाजू आपणहून आत येते. उजव्या बाजूनं लागायचं असेल तर तेच ओढणं तुम्हाला धक्क्यापासून दूर नेतं. कायद्यानं बघितलं तर माझे ३६० दिवस सगळे २२ फुटी आउटबोर्डवरचे असले तरी या लायसनवर मी ६ उतारू घेऊन असा ट्रॉलर खुशाल नेऊ शकते. त्या शनिवारी सकाळी तो मला त्याच्या जागेतून बाहेरही काढता आला नसता.

दुसऱ्या दिवशी वारा बोटीला धक्क्यावर दाबत होता, बाहेर पडणं अवघड. उत्तर मला तोंडपाठ होतं: स्प्रिंग लाइन. पुढच्या भागातून मागे धक्क्यावर एक दोर न्यायचा, सुकाणू धक्क्याच्या बाजूला वळवायचं, इंजिन पुढे टाकायचं. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, मग मागची बाजू बाहेर फिरते, आणि पुरेशी फिरली की रिव्हर्समध्ये निघायचं. परीक्षेत याची आकृती असते आणि चारातला एक पर्याय निवडायचा असतो. पण धक्क्यावर तो दोर सोडायला कुणीच उभं नसतं. म्हणून तो क्लीटला, म्हणजे धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटीला, नुसता वळसा घालून परत बोटीवर आणायचा, म्हणजे एक टोक सोडलं की आपण तो ओढून घेऊ शकतो. मी तसंच केलं. मागची बाजू सुंदर बाहेर फिरली, मी टोक सोडलं, ओढलं, आणि दोर अडकला. मी सोडलेलं टोक फासाचं होतं. तो शिवलेला फास क्लीटमध्ये जाऊन बसला. कप्तान बाईंनी इंजिन न्यूट्रलला टाकलं, वाऱ्यानं आम्हाला परत फेंडरवर, म्हणजे बोटीच्या कडेला लावलेल्या धक्का झेलणाऱ्या उशांवर, आणून टेकवलं, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "साधं टोक सोडायचं, फास हातात ठेवायचा." पुन्हा केलं. चार वेळा केलं. चौथ्या वेळी ओला दोर क्लीटवरून सरकत हातात आला तेव्हा मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

या कोर्सच्याही उणिवा आहेत. चारजणांत सुकाणू वाटून घ्यायचं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन दिवसांत जेमतेम अडीच तास. रात्री बाहेर नेत नाहीत. नियमांचं काही शिकवत नाहीत. आमच्यातल्या एकाला समोरून आलेल्या शिडाच्या बोटीला वाट द्यायची हेच ठाऊक नव्हतं आणि त्याचा वेळ त्यातच गेला. नियम येत नसताना या कोर्सला जाणं म्हणजे महागडे तास वाया घालवणं.

मंडळातल्या तिघांना मी हेच सांगितलंय: ऑनलाइन घ्या, नियम आणि चार्ट त्याच्यावरच शिका, पण माझ्यासारखं परीक्षा होईपर्यंत थांबू नका. नियमांचे दोन-तीन धडे झाले की मध्येच एक शनिवार-रविवार पाण्यावर काढा, ज्या प्रकारच्या बोटीवर लोकांना नेणार त्याच प्रकारच्या. मग पुढचे धडे वाचताना प्रत्येक आकृती हाताला ओळखीची वाटेल. आणि एक रात्र कुणातरी अनुभवी माणसाबरोबर बाहेर पडा, सगळे दिवे पाठ झाल्यावर. कोर्स निवडताना दोनच गोष्टी विचारा: शंकेला किती दिवसांत उत्तर देता, आणि एका बोटीवर किती विद्यार्थी घेता.

अर्ज मार्टिन्सबर्गला गेलाय. मी ॲनापोलिसच्या त्याच बाईंकडे ऑक्टोबरच्या दोन तारखा पुन्हा घेतल्यात, या वेळी एकटीसाठी. तेव्हा वायव्येचा वारा असतो, आणि उजव्या बाजूनं धक्क्याला लावायचं मला अजून जमलेलं नाही.